मार्शलच्या पायाखालची पेटी

मी पेटी बोलतेय. भजनात वाजवतात ती नव्हे, दागिन्यांचीही नव्हे. प्लायवूडची, वीतभर उंचीची, उचलायला दोन्ही बाजूंना भोकं असलेली साधी पेटी. सिनेमाच्या स्टुडिओत आम्हाला 'सफरचंदाची पेटी' म्हणतात, कारण पूर्वी तिथं खरोखर फळांची खोकीच वापरायचे. माझ्यात कधी एक सफरचंद पडलं नाही. माझ्यावर एक माणूस उभा राहिला आणि त्यातच माझा जन्म गेला.

त्याचं नाव ऑरिन टीग. घोडे, पिस्तुलं आणि धूळ यांच्या मालिकांनी अमेरिकेतला टीव्ही दुथडी भरून वाहत होता, तेव्हा दर मंगळवारी तो मार्शल कॅलोवे, म्हणजे गुंडांना धरणारा गावचा फौजदार, होऊन घराघरांत जायचा. खर्जातला आवाज, निळे डोळे, आणि हनुवटी अशी, की गुंडांनी बघूनच हात वर करावेत. देवानं सगळं सढळ हातानं दिलं, फक्त उंची देताना हात आखडला. नायिका त्याच्याहून चांगली चार बोटं उंच होती.

म्हणून मी. प्रेमाच्या प्रसंगात मी, गुत्त्यातल्या दमदाटीत मी, घोड्यावर टांग टाकतानाही मीच. दोघांनी बरोबर चालायचं असलं की माझा इलाज नसे. मग नायिकेसाठी जमिनीत चर खणायचे, आणि ती बिचारी घोटाभर खड्ड्यातून जन्मोजन्मीच्या आणाभाका घेत जायची!

सेटवर एक रीत होती. मार्शलसमोर माझा विषय काढायचा नाही. तो यायच्या आधी मला गुपचूप जागेवर ठेवायचं. घोडे सांभाळणारा चुय आरेदोंदो मात्र लांबून हाळी द्यायचा, "अरे, मार्शलच्या मेव्हणीला आणली का?" मेव्हणी म्हणजे मी. सगळे तोंड फिरवून हसायचे. ऑरिनला ते ऐकू जात नाही, असंच आम्हाला वाटायचं. तो खाली न बघता माझ्यावर चढायचा आणि खाली न बघताच उतरायचा. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही माझ्याकडे नजर टाकली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मिरवणुकीला, दुकानांच्या उद्घाटनाला तो जायचा तो घोड्यावरूनच, आणि हात मिळवायचा तोही घोड्यावरूनच. पोरं माना मोडेस्तोवर वर बघायची.

मग लोकांना चंद्रावर जाणारी माणसं आवडायला लागली आणि मार्शलची मालिका बंद पडली. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आठवण म्हणून काहीतरी घरी नेलं. कुणी पिस्तूल, कुणी गुत्त्याची पाटी. ऑरिननं इकडेतिकडे बघितलं, मला उचललं आणि गाडीच्या डिकीत टाकलं. तेव्हा त्यानं पहिल्यांदा मला हात लावला.

पुढची वर्षं मी व्हॅन नाइस या उपनगरातल्या त्याच्या गॅरेजमध्ये रंगाचे डबे डोक्यावर घेऊन काढली. कामं मागायला गेला की लोक आधी हसतमुखानं उठायचे, मग त्याच्याकडे खाली बघायचे. "टीव्हीवर तुम्ही केवढे दिसायचात हो!" एवढं बोलून दार लागायचं.

अशात त्याच्या बायकोची, व्हर्नाची, फुप्फुसं कामातून गेली. ऑक्सिजनचा सिलिंडर, नर्स, औषधं, सगळं नटांच्या संघटनेच्या विम्यावर चालायचं. पण विमा काम करणाऱ्यालाच. वर्षभरात ठरलेलं काम झालं नाही की बंद. नाताळ तोंडावर आला, आणि अजून एका छोट्या कामाची कसर राहिली होती.

"दुसरं काहीतरी बघ ना रे," व्हर्ना धापा टाकत म्हणाली.

"दुसरं मला येतं काय?" तो म्हणाला, आणि गॅरेजमध्ये येऊन माझ्याशेजारी ढसाढसा रडला. मी लाकडाची, मी काय करणार?

तेवढ्यात फोन आला. ग्रेडी नावाचा तरुण दिग्दर्शक सिनेमा काढत होता. त्याला म्हातारा मार्शल हवा होता. ऑरिननं मला डिकीत टाकलं आणि वाटेतून म्हाताऱ्या चुयला घेतलं.

"सर, लहानपणी अंगात ताप असला तरी मी तुमची मालिका चुकवली नाही," ग्रेडी म्हणाला. मग त्याची नजर हळूच खाली आली. "तुम्ही लांबून चालत या, घोड्यावर बसा आणि निघून जा. मी मधे शॉट कुठंही तोडणार नाही. खरं वाटायला हवं."

चुयनं मला पाण्याच्या हौदाआड ठेवलं आणि घोडा तिथंच उभा केला. पण उन्हासाठी ग्रेडीनं कॅमेरा पलीकडे नेला, आणि मी उघडी पडले.

"ते खोकं कुणाचं? उचला ते."

चुयनं ऑरिनकडे बघितलं. ऑरिन म्हणाला, "उचल."

तो चालत आला. चाल अजून मार्शलचीच होती. रिकिबीत पाय घातला, खोगीर धरलं, आणि गुडघ्यानं दगा दिला. घोडा सरकला. ऑरिन क्षणभर लोंबकळला आणि मग धुळीत बसला. टोपी घरंगळत माझ्यापाशी आली. कुणी हसलं नाही, हेच वाईट.

"आम्ही फोन करू, सर," ग्रेडी मान खाली घालून म्हणाला. सिनेमाच्या त्या गावात याचा अर्थ 'काम नाही', हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ऑरिननं बसल्या जागेवरून त्याचा हात धरला. "मला मेलेला दाखव. बाबा रे, मेलेल्या माणसाची उंची कोण मोजतं? एकच दिवस. माझ्या बायकोचा श्वास त्यावर आहे."

ग्रेडीच्या सिनेमात एक प्रेत होतं. बिननावाचा दरोडेखोर. गावकरी त्याला शवपेटीत घालून, पेटी दुकानाच्या भिंतीला टेकवून उभी करतात आणि शेजारी राहून फोटो काढतात. जन्मभर मार्शल असलेला माणूस त्या दिवशी मेलेला दरोडेखोर झाला.

पण शवपेटी दुसऱ्याच, उंच माणसाच्या मापाची होती. ऑरिनचं तोंड पार खाली गेलं. "पायाखाली काहीतरी घाला!" ग्रेडी ओरडला. माणसं शोधायला लागली. चुयनं जुनी रीत पाळली, माझं नाव काढलं नाही.

तेव्हा त्या प्रेतानं डोळे उघडले आणि खर्जातल्या आवाजात म्हणालं, "चुय, माझ्या मेव्हणीला आण."

म्हणजे ते नाव त्याला पहिल्यापासून माहीत होतं! सगळे खो खो हसले. चुयनं मला आणताना बाहीनं डोळे पुसले. ऑरिननं खाली माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि माझ्यावर उभा राहिला. वर चेहरा मेलेला आणि खाली पाय थरथरत होते, ते फक्त मला कळलं.

विमा एका वर्षानं वाढला. आता मी व्हर्नाच्या पलंगापाशी असते. पलंग उंच आहे, माझ्यावर पाय देऊन ती चढते. नाताळ पुन्हा जवळ आलाय, आणि काम कुठंच नाही. दुपारभर ऑरिन आरशासमोर श्वास रोखून मेल्यासारखं पडायचा सराव करतो. सिलिंडरचा आवाज ऐकत व्हर्ना म्हणते, "पुरे रे, मला भीती वाटते." तो ऐकत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. एक दिवस त्याला खऱ्या पेटीत ठेवाल. तेव्हा मला शोधू नका, त्याच्या पायाखाली ठेवू नका. तिथं तरी त्याला त्याच्या उंचीनं निजू द्या.