कंसातले टाके

मी लोकर बोलतेय. पिवळी, बाळांसाठी असते तसली मऊ. लातूरच्या उन्हात मला कोण विचारणार? गंजगोलाईतल्या एका दुकानात फॉल, लेस आणि मोत्यांच्या पाकिटांमागं मी पडून होते. एका बाजूनं ऊन लागून रंगही उडाला होता. दुकानदार मात्र गिऱ्हाइकाला सांगायचा, "ताजा माल हाय." मोठी माणसं किती सहज खोटं बोलतात, हे मला तिथंच कळलं.

मला पुनमनं घेतलं. फार्मसीचं कॉलेज सोडून घरी बसलेली मुलगी. पुस्तकं इंग्रजीत, आणि शंका विचारली की सर म्हणायचे, "वाचा, कळेल." नाही कळलं. सोडून आली. तेव्हापासून घरानं तिचं नावच 'अर्धवट' ठेवलं.

तिच्या मोठ्या बहिणीला, दीपमालाला, नांदेडला मुलगी झाली. बारशाला मावशीकडून टोपरं जाणार होतं. पुनम म्हणाली, विकतचं नको, मी विणते.

"तू विणतीस?" आई, कस्तुराबाई, भाकरी थापता थापता हसली. "कालिज पुरं केलीस तसंच का?"

आता टोपरं पुरं होणं भागच होतं.

सुलट-उलट टाके ती मोबाईलवर बघून शिकली होती. अडलं ते कागदाशी. टोपऱ्याचा इंग्रजी नमुना तिनं मोबाईलकडूनच मराठीत करून घेतला आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. पहिलीच ओळ होती: ७२ (८०, ८८) टाके घाला.

म्हणजे नेमके किती?

घरात शेषेरावकाका होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेले. विणायची सुई त्यांनी कधी हातात धरली नव्हती. पण 'मला येत नाही' असंही ते जन्मात कधी म्हणाले नव्हते.

"कंचेभागुबेव विसरलीस का? कंस आधी. ऐंशी नि अठ्ठ्याऐंशी, एकशे अडुसष्ट. त्यात बहात्तर मिळव."

"पण काका, अधिकचं चिन्ह कुठंय?"

"चिन्ह नसलं की गुणाकार असतोय. पर तेवढी लोकर पुरायची न्हाई. तू बेरीजच धर."

पुनमनं दोनशे चाळीस टाके घातले. सुईवर मी अशी चेंगरून बसले की माप कुणाला दिसेना. वीतभर विणून झाल्यावर तिनं मला सुईवरून एका दोऱ्यावर उतरवलं. मी पसरले. खाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"अगं माय!" कस्तुराबाईनं तोंडाला पदर लावला. "पोरीचं टोपरं हाय का बैलाची झूल?"

काका म्हणाले, "हिचा हातच सैल हाय. मी काय करू?"

हिशोब त्यांचा, सैल हात हिचा. मोठ्यांचं असंच असतं.

पुनम मला उसवत बसली. उसवताना लोकरीला दुखतं, असं लोक उगाच सांगतात. फक्त रागानं ओढलं की तंतू सुटतात. ती रागानंच ओढत होती. वाटलं, आता मला माळ्यावर फेकणार.

तिनं फेकलं नाही. कागद पुन्हा हातात घेतला आणि या वेळी अगदी वरून वाचला. पहिल्या ओळीच्याही वर बारीक अक्षरात माप होतं: ३ महिने (६ महिने, १ वर्ष). तसाच कंस. तसाच स्वल्पविराम. तिनं एक बोट तिथं ठेवलं, दुसरं टाक्यांवर.

"काका, वयाला बी कंस हाय. तुमच्या हिशोबानं बेरीज केली तर पोरगी पावणेदोन वर्षाची व्हायला पायजे. अजून ती पाळण्यात बी पडली न्हाई!"

काका म्हणाले, "छपाईची चूक असंल." आणि पेपर उघडून त्यात तोंड घातलं.

पुनमनं बहात्तर टाके घातले.

बारशाला मी नांदेडला गेले. टोपरं नीट बसलं, फक्त शिवण जराशी तिरपी. काका पाहुण्यांना सांगायला लागले, "नमुना लई अवघड होता. मी समजावून दिला तवा जमलं."

पुनमनं पर्समधून कागद काढला. "काका, ताईच्या नणंदेला बी विणायचंय. जरा कंस समजावून सांगता का?"

"आधी पंगतीला बसा की. भाजी निवायली."

नणंद मग पुनमकडंच वळली. पुनम म्हणाली, "पहिला आकडा लहान बाळाचा, कंसातले मोठ्या बाळांचे. आपल्या मापाचा एकच धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

आता बाळाचं डोकं वाढलंय. दीपमालानं मला माहेरी आणून ठेवलंय. कस्तुराबाई रोज म्हणते, "लोकर चांगली हाय, उसवून दुसरं काहीतरी कर."

बाई, हात नका लावू. या पुनमचं तुम्ही 'अर्धवट' नाव ठेवलंत तेव्हापासून तिनं पुरी केलेली मी एकच वस्तू आहे. मला पुरीच राहू द्या.