पिल्लांसकट

"इकडं बघा!" ज्योतीच्या तोंडून गेलं आणि तिने जीभ चावली.

तोवर खडकावरची पाणमांजरी पाण्यात गडप झाली होती. तिच्यामागून दोन पिल्लं लव्हाळ्यात शिरली. कॅमेऱ्यात उरला नुसता ओला खडक. थर्माकोलचा तराफा वल्हवणाऱ्या भागूबाईने कपाळावर हात मारला.

"बाई, ती काय नवरी हाय का? काहून वरडली?"

"सवय गं मावशी. पंचवीस वर्षं हेच बोलून राहिले."

खोटं नव्हतं. डोंगरकडा गावाच्या पंचक्रोशीतलं ज्योतीने फोटो न काढलेलं लग्न शोधूनच काढावं लागेल. रुसलेल्या नवरदेवालासुद्धा ती हसवायची. जनावराच्या फोटोचं खूळ मात्र तिच्या डोक्यात कधी नव्हतं. पण धरणाच्या फुगवट्यातलं हे लव्हाळ्याचं बेट सोमवारी पेटवायचं ठरलं होतं. पाणमांजरं जाळी फाडतात, मासे पळवतात, म्हणून. आत पिल्लं आहेत हे भागूबाईकडून कळल्यापासून ज्योतीला घास गोड लागत नव्हता. वनखात्याचे साहेब म्हणाले होते, पिल्लांसकट फोटो आणा, लगेच थांबवतो.

पेटवणार होता बंडू, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. त्याच्या लेकीचं, ऐश्वर्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. बारशापासून त्या पोरीचा एकेक फोटो ज्योतीचा. लग्नाचेही तिलाच सांगितले होते.

शनिवारी संध्याकाळी बंडू स्टुडिओत आला. बसला नाही.

"ताई, ऐकून राहिलो ते खरं हाय का?"

"व्हय."

"फाटलेलं जाळं मला शिवावं लागतं, साहेबाला न्हाई."

"तुजी तकलीफ कळती मला. भरपाईचं बी इचारते साहेबाला. पण लेकरं जित्ती जाळायची का, बंडू?"

"मंग लग्नाला दुसरा फोटोवाला बघतो."

ज्योतीने कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. "बघ," ती म्हणाली.

रविवारी दिवस उगवायच्या आत ती तराफ्यावर पालथी पडली आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. भागूबाई हसू दाबत होती. लग्नाच्या कॅमेऱ्याला लांबचं टिपता येत नाही, म्हणून तराफा पार खडकाजवळ लव्हाळ्यात लावला होता. तासभर काही नाही. पायाला मुंग्या आल्या, कोपर सोललं, तरी ती हलली नाही. मग पाणमांजरी वर आली, तोंडात मासा. तो ओढायला दोन्ही पिल्लं एकदमच धावली. ज्योतीने तीन फोटो काढले. बोळा काढला तेव्हा तिला रडू येत होतं, आणि ते तिने येऊ दिलं.

सोमवारी सकाळीच वनरक्षक बेटापाशी येऊन उभा राहिला. काडी कुणी ओढली नाही.

लग्नाची पत्रिका ज्योतीला आली. नुसती पत्रिका. घरातले म्हणाले, जाऊ नकोस. पण ती गेली, ठेवणीतली साडी नेसून. अक्षता पडल्यावर आहेर द्यायला स्टेजवर चढली. ऐश्वर्या वाकून पाया पडली आणि तिने ज्योतीचा हात घट्ट धरून ठेवला. बंडू दुसरीकडे बघत होता. खालून नांदेडचा फोटोग्राफर ओरडला, "मावशी, जरा बाजूला व्हा. नवरीवर सावली येऊन राहिली तुमची."

ज्योतीने हात सोडवून घेतला. वर लाइटकडे एकदा बघितलं आणि बरोबर दोन पावलं मागे सरकली. नवरीच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला.