नळापाशी अठ्ठेचाळीस मिनिटं

धाकट्या जावेचा नळ बंद होईना आणि इकडे झैतूनच्या अंगाचा तिळपापड होत होता. नमाजाआधी वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचे. कोता भारू शहरातली शाळकरी पोरंसुद्धा दोन मिनिटांत उरकतात. ही सुहैला मात्र पाऊण पाऊण तास! आणि मक, म्हणजे सासूबाई, शेजारणींना कौतुकाने सांगणार, "माझी धाकटी म्हणजे अल्लाचं माणूस हो!"

अठरा वर्षं झैतूनने या घरात भात शिजवला होता. तिच्या नमाजाबद्दल मकने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि ही काल आलेली! मग झैतून स्वयंपाकघरातल्या घड्याळावर नजर ठेवून मिनिटं मोजू लागली. एक दिवस हिचं नाटक मकसमोर उघडं पाडायचं, एवढंच तिला हवं होतं.

पुढे सुहैलाचे हात भेगाळले, रक्त यायला लागलं. दवाखान्यातल्या नर्सने ते हात पाहून मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. घरात गाडी चालवता येत होती एकट्या झैतूनला. तीच घेऊन गेली, आणि खरं सांगायचं तर खुशीत गेली.

"वजूला रोज किती वेळ जातो?" डॉक्टर मैमुनांनी विचारलं.

"थोडाच," सुहैला पुटपुटली.

"थोडाच?" झैतून उसळली. "पहाटे अठ्ठेचाळीस मिनिटं, दुपारी छत्तीस! कोपर सात सात वेळा. मध्ये कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. दीड वर्ष बघतेय मी!"

डॉक्टर भराभरा लिहून घेत होत्या. "धुताना मनात काय येतं, सुहैला?"

"पाणी कुठेतरी लागलंच नाही, असं. खुळेपणा आहे, कळतं मला. पण राहवत नाही. धुताधुता वेळ टळते आणि नमाजच राहून जातो."

नमाजच राहतो? झैतूनने मिनिटं तेवढी मोजली होती, हे कुठे पाहिलं होतं!

"आपल्याकडे याला वसवास म्हणतात. आम्ही ओसीडी म्हणतो," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्वी हा चिंतेच्या आजारांत धरत, आता त्याचा वेगळा गट केलाय. नको तो विचार पुन्हा पुन्हा येतो, तो गप्प करायला तीच कृती करावी लागते, त्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो नाहीतर जगणंच अडतं. श्रद्धेने धुणाऱ्याला धुतल्यावर बरं वाटतं. हिला वाटत नाही. उपचार आहेत याला." मग त्या झैतूनकडे वळल्या. "तुमच्यामुळे निदान सोपं झालं. जावेची एवढी काळजी कोण करतं हो!"

झैतूनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवलीच नाही.

"सुहैला, काळजीबिळजी काही नव्हती गं. जळत होते मी तुझ्यावर."

"ठाऊक आहे, काक," सुहैला म्हणाली. थोरल्या जावेला ती काक, म्हणजे ताई, म्हणायची. तिने भेगाळलेले हात मांडीवर ठेवले होते. "मीही तुझ्यावर जळायचे. तू दोन मिनिटांत वजू करायचीस, नमाज पढायचीस आणि भाताकडे वळायचीस. मी नळापाशी रोज एवढंच मागायचे, की मला काकसारखं कर."