पगडी बांधण्याआधी

मी एक जुना फेटा आहे. रंग विटला म्हणून हसू नका, मित्रांनो. माझ्याखाली भल्याभल्यांनी मान वाकवली आहे. रिठदच्या बाजारातून मी कडक खळीचा, केशरी असा केनवडच्या या घरात आलो. लग्नात मला कोणी विचारत नाही. घरचा कर्ता गेला, की तेरवीला नव्या कर्त्याच्या डोक्यावर पगडी म्हणून मला बांधतात आणि भावकी म्हणते, आता घर याचं. त्या दिवशी कौतुक, एरवी पेटी आणि डांबराच्या गोळ्या.

म्हणून माझा कोणावर भरवसा नाही. जो हात मला फार मायेनं कुरवाळतो, त्याच्यावर तर मुळीच नाही.

या घरचा शालिकराम जिनिंग कारखान्यात राबला. निवृत्तीनंतर त्याचा फंड त्याच्या जुन्या खात्यात जमा झाला. खातं लग्नाआधीचं, नॉमिनी धाकटा भाऊ पुंजाजी. पुढे बायको कस्तुराबाई आली, लेक सुप्रिया झाली. पण नाव बदलायला हा शहाणा काही बँकेत गेला नाही. यंदा तो अचानक गेला. कस्तुराबाईच्या म्हातारपणाला त्या फंडाचाच आधार होता.

तेरवीला पुंजाजी सकाळीच येऊन मला कुरवाळू लागला. "काय कापड आहे, वयनी! असं आता भेटत नाही."

माझ्या घड्या ताठ झाल्या.

"फंडाचं काय, भाऊजी?" कस्तुराबाईनं विचारलं.

"बँकेत माह्यं नाव हाय. पगडीबी माह्यीच. तुमी कायले घोर करता? लागन तसं देत जाईन."

"मंजे माह्या नवऱ्याच्या पैशासाठी मी तुमच्या दारात पदर पसरू?"

सुप्रिया बँकेत विचारून आली होती. "काका, नॉमिनी मंजे जागल्या. रातभर वावर राखलं मनून पीक त्याचं होते काय? पैसा तुमच्या हातात येईन, पण हक्क आईचा अन् माह्या."

"लय शिकली पोरगी!" पुंजाजी हसला.

मंडपात त्यानं डोकं पुढे केलं. कस्तुराबाईनं मला उचललं आणि आपल्याच मांडीवर ठेवलं. "पैसा माह्या खात्यात येईन, तवा पगडी. तोवर बोडकेच बसा, भाऊजी."

"काहून अडून राह्यली वो बाई?" भावकीतला एक म्हातारा करवादला.

"तुमी तेरवीचं जेवा. माह्या जेवणाचं मी पायतो."

त्यानंतर पुंजाजीला गावात फिरणं जड झालं. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारायचंच, "पगडी कुठी ठेवली, पुंजाजी?" अखेर तो बँकेत आला. कस्तुराबाई मला पिशवीत घालून आधीच तिथे येऊन बसली होती. पैसे मिळाले, तसे वयनीच्या खात्यात वळते केले. जमा झाल्याचं कस्तुराबाईनं बँकेतल्या माणसाकडून दोनदा वदवून घेतलं. मग पिशवीतून मला काढलं, दिराला तिथल्याच बाकावर बसवलं आणि बांधलं. गाठ जरा आवळूनच मारली.

मित्रांनो, मला कापड खाणाऱ्या कसरीपासून जपा. पण माझ्या भरवशावर घर सोडू नका. आज जेवताना बापाला विचारा, खात्याला नॉमिनी कोण आहे, आणि गरज पडली तर हाताला धरून बँकेत न्या. तो चिडला तर चिडू द्या. मेलेल्या माणसाला सही करता येत नाही.