बाकावरचे तास

तिला सगळे बारकी म्हणत. चाळिशी उलटली, मुलगी आठवीत गेली, तरी लाँड्रीत ती बारकीच राहिली, कारण उंची काही वाढली नाही. ओली चादर झटकताना तिला टाचा उंचावाव्या लागत. "बारके, स्टूल आणू का?" असं कोणीतरी रोज विचारायचं, आणि "आण, तुलाच वर बसवते आणि झेंड्यासारखी फडकवते," असं ती रोज ऐकवायची. विनोद अकरा वर्षांचा झाला होता, पण फुकटात मिळत होता म्हणून कोणी टाकून दिला नव्हता.

लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी यायच्या. धुऊन, पिळून निघाल्या की त्या मोठ्या इस्त्रीयंत्रात जायच्या. पुढून दोघी चादर आत सरकवायच्या, तापलेल्या रोलरखालून ती पापडासारखी कडक होऊन मागे यायची आणि मागच्या दोघी घडी घालायच्या. बारकी मागे असायची. पगार तासावर. आणि यंत्र थांबलं की तास थांबायचा. मुकादम घड्याळात बघून एवढंच म्हणायचा, "बाकावर." मग सगळ्या जणी मागच्या भिंतीजवळच्या लाकडी बाकावर जाऊन बसायच्या. घरी जायची मुभा नाही, कारण यंत्र कधीही सुरू होईल. पगारही नाही, कारण काम चालू नाही. मिस्त्री येईपर्यंत कधी तास जायचा, कधी अर्धा दिवस.

बारकीचा नवरा एका गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी होता. तो सकाळी परत यायचा तेव्हा ती निघायच्या बेतात असायची. दारात दहा मिनिटं भेट. सासूची गोळी दिली का, गॅस किती दिवस पुरेल, मुलीनं काय सांगितलं, एवढा संसार त्या दहा मिनिटांत उरकायचा. एकाच पलंगावर रात्री ती आणि मुलगी झोपायच्या, दिवसा तो. सासू म्हणायची, "या पलंगाला बिचाऱ्याला कधी सुट्टीच नाही."

दोघं राबत होती, व्यसन कोणाला नव्हतं, उधळपट्टी करायला काही नव्हतं, तरी महिन्याचा शेवटचा आठवडा अंगावर यायचा. त्या वर्षी मुलीच्या शाळेत फीच्या सवलतीचे अर्ज निघाले. बारकी रांगेत उभी राहिली. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "दोघंही नोकरीला आहात की! ही सवलत अडचणीतल्या लोकांसाठी असते."

"मग आम्ही कशात आहोत, बाई?" बारकीनं विचारलं.

त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मान हलवली आणि अर्ज परत सरकवला.

हे झालं त्याच आठवड्यात यंत्र बंद पडलं. यंत्राच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. कोणाची बोटं आत जायला लागली की ती दाबली जाते आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. त्या पट्टीमागं कापसाचा बारीक भुगा साचायचा आणि यंत्राला वाटायचं, बोट अडकलंय. मिस्त्रीनं हे दोनदा साफ केलेलं बारकीनं बाकावरून पाहिलं होतं. बाकावर बसून दुसरं करायचं काय? बाकीच्या गप्पा मारायच्या, ती मिस्त्रीचे हात बघायची.

ती बाकावरून उठली. मुख्य खटका खाली ओढला, केसातला आकडा काढला आणि पट्टीमागचा भुगा उकरून काढला. खटका वर केला. यंत्र सुरू झालं.

"शाबास!" मुकादम म्हणाला. बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी सगळ्यांचे तास वाचले आणि बारकी घरी जाताना चार बोटं उंच झाल्यासारखी चालली.

पुढचे पाच महिने तेच होत राहिलं. चादर पुढे नेणारी फीत घसरली, बारके बघ. साखळी सैल झाली, बारके बघ. रोलरच्या टोकाला किरकिर येतेय, बारके तेल घाल. ती बघायची, तेल घालायची, आणि मग धावत मागे जाऊन राहिलेल्या घड्या उरकायची. दर वेळी शाबासकी मिळायची. ती साठवून ठेवता आली असती तर एव्हाना घर भरलं असतं.

एकदा मुकादमानं सुटायच्या वेळी तिला सांगितलं, "जाताजाता फितीचं बंडल घेऊन ये. तुला माहीतच आहे कुठली ते." यंत्राच्या सुट्या भागांचं दुकान घराच्या उलट्या दिशेला होतं. ती गेली. दुकान म्हाताऱ्या मिस्त्रीचंच निघालं; काउंटरमागे तोच उभा होता, ज्याचे हात बघून ती शिकली होती.

"अरे वा, घडीवाल्या ताई! तुमचं यंत्र फार शहाणं झालंय म्हणे. पाच महिन्यांत एकदाही आजारी पडलं नाही."

बारकीनं खरं ते सांगितलं. मिस्त्री आधी खो खो हसला. मग त्याचं हसू विरलं. तो म्हणाला, "म्हणजे बघा, तुमच्या हातानं माझ्या पोटावर पाय आला आणि तुमचंही पोट भरलं नाही. मधल्या मधे राहिलं ते गेलं कुणाकडे?"

ती खाली बघू लागली. "मला तसं नव्हतं करायचं, काका."

"तुमचा राग नाही हो. हात चांगला आहे तुमचा. पण एक ऐका. उद्या त्या साखळीत तुमचं बोट गेलं तर कागदावर तुम्ही घडीवाल्या. विचारतील, घडीवालीचं बोट साखळीत गेलंच कसं? आणि चूक तुमचीच ठरवतील."

ती चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तिनं नवऱ्याला सांगितलं, "आता फुकट हात लावणार नाही मी त्या यंत्राला."

तो बूट काढता काढता थांबला. "आणि कामावरून काढलं तर?"

"काढलं तर काय करायचं, मला माहीत नाही."

त्यानं दुसरा बूट काढून भिंतीशी ठेवला. तिची बस चुकायची वेळ झाली. मग म्हणाला, "मलाही माहीत नाही. पण बोटं दहाच आहेत तुला. त्यांची किंमत तू सांग."

यंत्र थांबलं ते नेमकं वाईट दिवशी. एका हॉटेलात शेकडो पाहुणे उतरायचे होते आणि सकाळपासून चादरींचे ढिगारे छताला लागले होते. दहाच्या सुमारास आतून कटकट असा आवाज झाला, रोलर अर्ध्या फेरीत अडकला आणि त्याखाली एक चादर करपायला लागली. बारकीनं धावत जाऊन खटका ओढला, आणि मागं सरली.

मुकादम आला. "बारके, बघ जरा."

"साहेब, मी घडीवाली आहे."

"चेष्टा करायची वेळ आहे का ही?"

"चेष्टा नाही करत. माझ्या कार्डावर घडी लिहिलंय. मिस्त्रीचं काम करायचं तर मिस्त्री लिहा, पगार तसा द्या. लिहिलंत की लगेच हात घालते."

मुकादमाचा चेहरा करपलेल्या चादरीसारखा झाला. तो स्वतःही पगारीच माणूस होता. वरून ओरडा खायचा तो त्यालाच. "बरं," तो दात खाऊन म्हणाला. "मग बाकावर. सगळ्या."

सगळ्या जणी बाकावर बसल्या. अर्ध्या तासानं मावशी बोलल्या. मावशी साठीला आल्या होत्या, पुढून चादर सरकवायच्या, आणि घरात आजारी भाऊ होता. "बारके, तुझं चाललंय ते बरोबर असेल. पण तुझ्या पगारवाढीसाठी आमचे तास का जाळतेस? मला आज औषध न्यायचंय."

बारकीला वाटलं कोणीतरी कानाखाली वाजवली. मावशी खोटं बोलत नव्हत्या. आत जावं, यंत्राला हात घालावा, सगळं विसरावं, असं तिला त्या क्षणी फार वाटलं. ती उठलीसुद्धा. मग तिनं तो बाक बघितला. बसून बसून लाकूड गुळगुळीत झालं होतं. अकरा वर्षं! मिस्त्री उशिरा येवो, साखळी तुटो, वीज जावो, चूक कोणाचीही असो, बसायच्या त्याच. आणि आज मावशी रागावल्या होत्या ते तिच्यावर. घड्याळ बघून "बाकावर" म्हणणाऱ्यावर कोणी कधी रागावलंच नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "तुमचे तास मी जाळत नाही. आपल्याला इथं अडकवून ठेवतात आणि पैसे देत नाहीत, ते जाळतात. आता मालक येतील. मी फक्त माझं मागणार नाही."

"अगं, तुला कोण विचारणार?"

"आज विचारतील. चादरी बघा किती साचल्यात."

मालक बाराला आले. घामाघूम, कानाला फोन. फोन ठेवून ते थेट बाकाशी आले. "कोण ती? ही? एवढीशी?"

"एवढीशीच," बारकी उठून उभी राहिली.

"काय पाहिजे?"

"दोन गोष्टी. कार्डावर मिस्त्री आणि मिस्त्रीचा पगार. आणि यंत्र बंद असताना आम्ही बाकावर बसतो, तो वेळ सगळ्यांचा धरायचा."

मालक हसले. "पहिलं देतो. आत्ता लिहून देतो, चल. दुसरं विसर."

बारकीच्या डोळ्यांपुढून मुलीची फी, संपत आलेला गॅस, नवऱ्याचे झिजलेले बूट, सगळं एका दमात गेलं.

"दोन्ही," ती म्हणाली.

"मग राहू दे. खराखुरा मिस्त्री आणतो मी," असं म्हणून मालक निघून गेले.

ती परत बसायला वळली. मावशी सरकल्या, आणि डब्यातला अर्धा घास तिच्यापुढे केला. "खा. उपाशीपोटी भांडलं की आवाज चिरकतो."

मिस्त्री दोनला आला. त्यानं बॅटरी मारून आत पाहिलं, रोलर हातानं फिरवून बघितला. मालक, मुकादम आणि सगळ्या बायका भोवती उभ्या. "दातेरी चाकाचे दात गेलेत," तो म्हणाला. "चाक माझ्याकडे आहे. पण एकट्यानं उतरवायचं तर उद्या दुपार होईल. म्हातारा माणूस मी. जोडीला कोणी जाणतं असेल तर सहाच्या आत चालू करून देतो."

"आमचा मुकादम आहे की."

मिस्त्रीनं मुकादमाच्या हातांकडे पाहिलं. "साहेब, यांनी कधी पाना धरलाय का? मला त्या ताई लागतील. पाच महिने यंत्र त्यांनीच चालवलंय, दुसऱ्या कोणी नाही."

फोन पुन्हा वाजला. मालकांनी तो वाजू दिला. बराच वेळ ते चादरींच्या ढिगाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "मिस्त्रीचं देतो. बाकावरच्या वेळेचा अर्धा पगार देतो, सगळ्यांना. याच्यापुढे एक पैसा नाही. नाही म्हणालीस तर मी आजच्या दिवसाचं नुकसान सोसेन, पण तुला इथं ठेवणार नाही."

बारकीनं मागे वळून पाहिलं. हे उत्तर एकटीनं द्यायचं नव्हतं. एकमेकींकडे बघणं झालं. शेवटी मावशी म्हणाल्या, "अर्धा तर अर्धा. घे, बाई. उरलेला पुढच्या खेपेला मागू."

"आजपासून," बारकी मालकांना म्हणाली. "आज सकाळी दहापासून. आणि कागदावर."

मुकादमानं कागद आणला. मालकांनी लिहिला, सही केली. बारकीनं तो दोनदा वाचला, एक शब्द दुरुस्त करून घेतला, आणि मावशींकडे सांभाळायला दिला. मग बाह्या सारल्या.

चाक जड होतं. मिस्त्री खालून उचलायचा, ती वरून बोल्ट सोडवायची. तिची उंची त्या अरुंद जागेत अगदी बरोबर बसली. सहाला दहा मिनिटं कमी असताना रोलर फिरला. आवाज ऐकत मिस्त्री थोडा वेळ मान तिरकी करून उभा राहिला.

"यांत्रिक भाग तुम्हाला येतोच," हात पुसत तो म्हणाला. "पण विजेच्या पेटीत काय आहे ते माहीत आहे?"

"नाही."

"मग अर्ध्या मिस्त्री झालात. म्हातारपणी जड कामं मला एकट्याला झेपत नाहीत, सोडावी लागतात. सुट्टीच्या दिवशी दुकानात या. शिकवीन, आणि मदतीचे पैसेही देईन."

सुट्टी आठवड्यातून एकच असायची, आणि तेवढाच दिवस चौघं एकत्र जेवायची. बारकीनं क्षणभर विचार केला.

"जेवून येते," ती म्हणाली. "दोनला. चालेल?"