माझ्यात न आलेली वायर

मी एक ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं उमटवणं हे माझं काम, आणि दोन वर्षांत मी एकही चित्र उमटवलेलं नाही. तरी माझ्याबद्दल कुणाची तक्रार नाही. उलट एका घरात माझं कौतुक फार झालं आणि त्या कौतुकानेच एका मुलीचं वाटोळं केलं. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते पालघरमधलं कृष्णकांतचं दुकान. हा मूळचा एडवणचा, वाडी भावावर सोपवून कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलेला. एका शनिवारी तिथे आनंदा आला, सोबत मुलगी वैभवी. आनंदा तारापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन, सांगलीकडून बोईसरला येऊन वीस वर्षं झालेली. वैभवी कॉलेजात होती आणि गेम खेळण्यात अशी तरबेज, की पाच जणींच्या एका संघाने तिला निवडीसाठी बोलावलं होतं. निवड झाली तर पुण्याला जाऊन त्यांच्याबरोबर खेळायचं. तिला जगात दुसरं काही नको होतं.

"तुमच्या मशीनमधी चित्राचं काम प्रोसेसरच करतो," कृष्णकांत म्हणाला. "आतच बसवलेलं हाय ते. अभ्यासाला चालतं, पण गेमला दम टाकतं. तुमी वेगळं कार्ड घ्या."

"येगळंच बरं," आनंदा म्हणाला. "एकात एक बसवलेलं बिघडलं की समदं बंद पडतं. येगळं असलं की काढा, बदला. आमच्या कारखान्यात बी असंच हाय."

"मी येऊन लावून देतो."

"शेठ, मी चाळीस एचपीच्या मोटारी जोडतो. ह्ये काय अवघड हाय?"

मला तो माणूस आवडला. कडांना धरून त्याने मला इतकं जपून उचललं होतं!

घरी त्याने मला नीट बसवलं, स्क्रू आवळले, वीज दिली. माझे पंखे फिरले. पण पडद्याची वायर होती तिथेच राहिली, मदरबोर्डच्या जुन्या खाचेत, जिथून प्रोसेसरचं चित्र पडद्यावर जातं. चालू यंत्राची वायर उगाच हलवायची नाही, ही त्याची कारखान्यातली शिस्त. ती काढून माझ्यात लावायला हवी, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पडदा उजळला, चित्र आलं, आणि आनंदाने बायकोला हाक मारून पेढे आणायला लावले.

मग त्याने कॉम्प्युटरचा डबा बंद करून मागे लाल टॅग बांधला: 'हात लावू नये. आनंदा.' कारखान्यात दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या यंत्रावर असा टॅग असतो; ज्याने बांधला त्यानेच सोडायचा आणि मगच यंत्र चालू करायचं. दुसऱ्याने सोडला तर कुणाचा तरी जीव जातो. घरातही तो नियम कुणी मोडला नाही. आई झाडतानासुद्धा तिथे झाडू घालत नसे.

मी आत थंड बसून होतो. शेजारी प्रोसेसर एकट्याने दोघांचं काम ओढत तापत होता.

"पप्पा, गेम अजून अडकतोय," वैभवी एकदा म्हणाली. "मागची वायर बघू का?"

"बघायचं काय त्यात? मी जोडलंय न्हवं?"

तिने पुन्हा विचारलं नाही. बापाने जोडलेलं चुकत नसतं, असं ती लहानपणापासून मानत आली होती.

निवडीचा सामना रविवारी दुपारी ऑनलाइन झाला, वैभवी घरूनच खेळली. शेवटी एका बाजूला वैभवी एकटी उरली, समोर एक खेळाडू. पडद्यावरचं चित्र क्षणभर गोठलं. हललं तेव्हा वैभवी बाद झाली होती.

संघाची कॅप्टन मेघाली. ती काही वाईट नव्हती. तिने आधी विचारलं, "कार्ड कोणतं आहे तुझ्याकडे?"

वैभवीने अभिमानाने माझं नाव सांगितलं.

"मग मशीनचा प्रश्न नाहीये गं. तुझा हात उशिरा पडतोय."

जेवताना आनंदाही थट्टेने म्हणाला, "मशीन एक नंबर हाय, वैभू. खेळणारीच ढिली, त्याला मी काय करू?" ती हसली नाही. त्या दिवसानंतर तिने गेम लावला नाही.

कॉलेज संपल्यावर ती एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. नोकरीच्या आठव्या महिन्यात यंत्रात अडकलेला खोका काढायला तिने हात घातला आणि पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. त्या यंत्रावर टॅग नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मेघाली बरोबर बोलली होती, पप्पा. माझा हात उशिराच हलतो."

मला तोंड नाही. असतं तर त्या दिवशी फुटेस्तोवर ओरडलो असतो.

मग घरात तो कॉम्प्युटर कुणाला बघवेना. तो विकून टाकायला आनंदाने कृष्णकांतला बोलावलं, स्वतःच्या हाताने टॅग सोडला. कृष्णकांतने डबा फिरवला आणि थबकला. माझ्या खाचांवरची रबरी टोपणं अजून तशीच होती.

"आनंदाभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "पडद्याची वायर यात लावायची असते. हे एक दिवससुद्धा चाललं नाय."

आनंदाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"काय झालं पप्पा?" आतून वैभवीने विचारलं.

मला वाटलं, आता तरी सांगेल.

"काय न्हाई. जुनं झालंय म्हणत्यात."

दारापाशी त्याने कृष्णकांतचा हात घट्ट धरला. "शेठ, पोरीला कळू देऊ नका." कृष्णकांतने होकाराची मान हलवली. मला आनंदाचा राग येत नाही. त्याच्यात तेवढं बळ नव्हतं, एवढंच. पण त्याची भीती ती मुलगी जन्मभर भोगणार.

आता मी पुन्हा पालघरच्या कपाटात आहे, अंगावर 'वापरलेले' अशी चिठ्ठी. कुणीतरी मला घेऊन जाईल. बाबा रे, मला कुठे जोडायचं ते तुझं तू बघ. पण बोईसरला वैभवी नावाची मुलगी डाव्या हाताने सही करायला शिकते आहे. तिच्याकडे एकदा जा आणि तिला सांग, तिचा हात वेळेवरच पडत होता.