दिवस मावळायच्या आत

पद्माक्कांनी पैंजणांचा शेवटचा ट्रे गादीवर सरकवला आणि सवयीनं पश्चिमेच्या खिडकीकडं पाहिलं. समोरच्या पत्र्यावर अजून ऊन होतं. पण त्याचा काय उपयोग? गुजरीतल्या या चांदीच्या घाऊक दुकानात संध्याकाळची मोजणी सुरू झाली की हिशेब जुळेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि तोवर दिवस मावळून जायचा. मावळल्यावर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा अक्कांचा नेम. डबा रोज भरलेलाच घरी जायचा.

आता रक्तात साखर निघाली होती. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उद्या मंदिरात उतरलेल्या मुनिमहाराजांपुढं हात जोडायचे आणि नेम सोडवून घ्यायचा, एवढं ठरवूनच अक्का आज आल्या होत्या.

"अक्का, हात मागं घ्या," दुकानाचे मालक वृषभशेठ म्हणाले.

आज पहिल्यांदाच प्रत्येक जोडाला चिपची बारकी चिठ्ठी बांधलेली होती. एकेक जोड हातानं न मोजता, आरती ओवाळावी तसं शेठनी हातातलं यंत्र सगळ्या ट्रेंवरून फिरवलं. टिकटिक झाली आणि थांबली.

"एक जोड कमी दाखवतंय."

"झाली की मग आपली रात्र," शेजारी मोजायला बसलेल्या बनाबाई म्हणाल्या. "त्या यंत्राला काय, पोट हाय व्हय?"

अक्कांनी डोळे मिटून घेतले. शेठ यंत्र धरून गादीच्या कडेकडेनं वाकत गेले. एका जागी टिकटिक वाढली. त्यांनी मखमलीच्या घडीत हात घातला, तर जोड तिथंच.

"जुळलं. सुटलो."

रोज या वेळी, मोजणी चालू असतानाच, शेठ तेवढे वरच्या मजल्यावर जेवून यायचे. दिवस मावळल्यावर मोजणाऱ्यांसाठी चहा-भडंग मागवायचे. "अक्कांना आपलं काय गोड लागत न्हाय," म्हणत अक्कांनी न उघडलेला पुडा बनाबाईंकडं सरकवायचे.

आज वर जायला चप्पल घालताना ते थबकले. अक्का पायरीवर बसून डबा उघडत होत्या.

"घरी जाऊन निवांत जेवा की."

"बस मिळंपर्यंत दिवस जाईल, दादा."

शेठनी पत्र्यावरच्या उन्हाकडं पाहिलं, मग डब्याकडं.

"तुमचाबी नेम हाय?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"तुमच्याकडं लागायच्या आधीपासनंच," अक्कांच्या आधी बनाबाई बोलल्या.

वरून शेठांच्या बायकोची हाक आली. "अहो, दिवस चाललाय. ताट वाढलंय."

शेठ जिना चढले नाहीत. आत जाऊन त्यांनी गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणला, अक्कांपुढं ठेवला, आणि त्यांच्यावरचं ऊन अडणार नाही असे बाजूला उभे राहिले.